पदवी ठाण्यात, मराठीत आणि संध्याकाळी

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


जुलै २०२४ मध्ये आपल्या विभागानं एक चांगला निर्णय घेतला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. टेंभी नाक्यावर आम्ही राहतो त्या इमारतीतली एक मुलगी त्यामुळे इंजिनिअरिंगला जाऊ शकली. तिच्या आईनं मजल्यामजल्यावर पेढे दिले, तेव्हा मलाही सरकारबद्दल मनापासून बरं वाटलं. त्या निर्णयाचं पुढचं पाऊल मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. मुंबई विद्यापीठाच्या बाळकुमच्या ठाणे उपपरिसरात जेंडर स्टडीजचा, म्हणजे लिंगभाव अभ्यासाचा, दोन वर्षांचा एमए सुरू करावा. तो मराठीतून शिकता यावा. वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरावेत. शुल्कमाफीत त्याचा समावेश व्हावा आणि तो शिकवायला कायम नेमणुकीचे प्राध्यापक मिळावेत.

मी एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते आणि दूरशिक्षणानं याच विषयात एमए करते आहे. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा अभ्यासाला बसले, त्यामुळे प्रश्न भरपूर विचारले जातात. ‘याचं पुढे काय होतं?’ हा पहिला. ‘बायकांचे प्रश्न कळायला एमए कशाला हवं, बाई आहेस ना?’ हा दुसरा. हे विचारणारी माणसं माझी आहेत, त्यांना मी टाळत नाही. पहिल्या प्रश्नाकडे पुढे येते. दुसऱ्याचं उत्तर मात्र आमच्या नाक्यावरच मिळतं, म्हणून आधी ते.

टेंभी नाक्याची देवी आपल्याला ठाऊक असेलच. आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये हा नवरात्रोत्सव सुरू केला आणि आज मुंबईपासून कल्याण-बदलापूरपर्यंतच्या बायका दुर्गेश्वरीची ओटी भरायला इथे येतात. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन रात्री उशिरापर्यंत रांगा लागतात. नऊ दिवस या रस्त्यावर बाई निर्धास्त असते, रात्री बारालाही. त्या रांगेत आमच्या शेजारच्या एक काकू गेली काही वर्षं फक्त दर्शनाला उभ्या राहतात. यजमान गेले तेव्हापासून त्या ओटी नेत नाहीत. त्यांना कुणीही अडवलेलं नाही. मंडळानं नाही, घरच्यांनीही नाही; उलट सून म्हणते, आई, न्या की ताट. तरी काकू नेत नाहीत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग धरायला सांगितलं. मला त्या ठरावाचा अभिमान आहे. पण परिपत्रक ग्रामपंचायतींसाठी होतं आणि काकू ठाण्यात राहतात. शिवाय ज्या नियमाला राखणदारच उरलेला नाही, तो नियम कुठला ठराव उठवणार? तो काकूंच्या मनात कुणी, कधी, कसा बसवला, त्याच्याशी जातीचा काय संबंध, कोणत्या जातींत विधवेचं पुन्हा लग्न सहज होत होतं आणि ‘वर’ चढण्याच्या ओढीनं ते कधी बंद पडलं, हे शोधायला पद्धत लागते, वाचन लागतं, शेकडो बायकांशी धीरानं बोलावं लागतं. नुसतं बाई असून ते कळत नाही. काकू बाईच आहेत आणि त्यांनाही ते सांगता येत नाही.

याच नाक्यावर दहीहंडी असते. पोरं थर लावतात, महिला गोविंदा पथकंही सलामी द्यायला येतात. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. वरच्या थरावर चढणाऱ्या मुलाला भीती वाटते असं म्हणायची सोय का नसते, पथकात कोणत्या वस्तीतली मुलं खाली असतात आणि बक्षिसाचं व्यासपीठ कुणाचं असतं, पोरगा पडला तर पुढचे सहा महिने त्याचं अंथरूण कोण काढतं, हेही याच विषयाचे प्रश्न आहेत. जेंडर स्टडीज फक्त बायकांचं असतं हा गैरसमज मुलग्यांच्या मुळावर येतो. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांचीच संघटना १९९३ पासून हिंसा करणाऱ्या पुरुषपणाबद्दल तरुणांशी बोलते आहे, त्यावर मराठीत अंक काढते आहे. तिचं काम समजून घेणारा अभ्यासक्रम ज्या शहरात तीस-चाळीस फुटांवर मुलं चढतात तिथे असायला हवा.

आणि लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्याच्याच. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल २०१४ मध्ये आला, त्या खटल्यात त्या स्वतः बाजू मांडणाऱ्यांपैकी एक होत्या. एवढा मोठा निकाल ज्यांच्या धडपडीतून आला, त्या माणसाच्या गावात त्या निकालाचा पद्धतशीर अभ्यास कुठे होतो?

महोदय, हा विषय परदेशातून आणून इथे रुजवलेला आहे असं बरेच जण मानतात. महाराष्ट्रानं तरी तसं मानू नये. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांनाच बोल लावले गेले, त्यावर संतापून त्यांनी ते लिहिलं. पुढे ते पुस्तक विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं नसतं तर आज जगभरच्या विद्यापीठांत ते वाचलं जातं तसं वाचलं गेलं नसतं. जवळजवळ शंभर वर्षं एका बाईचा युक्तिवाद कपाटात पडून राहिला, कारण तो जपून ठेवणं, शिकवणं, त्यावर वाद घालणं हे कुठल्याच संस्थेचं काम नव्हतं. संस्था का हव्यात याचा यापेक्षा ठळक पुरावा मला माहीत नाही.

भारतातलं पहिलं स्त्री अभ्यास केंद्रही मुंबईतच उभं राहिलं. १९७४ मध्ये नीरा देसाई यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात ते सुरू केलं. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा शोध घेणारी समिती तेव्हा काम करत होती. त्या समितीचा अहवाल आला तेव्हा स्वातंत्र्यानं बायकांचं सगळं आपोआप बरं केलं या समजुतीला मोठा धक्का बसला : दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ पासून घसरत आली होती. १९८१ मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली आणि पुढच्या वर्षी देशपातळीवरची संघटना स्थापन झाली. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये केंद्र निघालं, विद्युत भागवतांनी ते घडवलं. म्हणजे देशाला हा विषय शिकवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. त्या महाराष्ट्रातल्या ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या मुलीला मात्र तो लांब पडतो.

किती लांब, ते सांगते. एमएचं शुल्क इंजिनिअरिंगइतकं नसतं हे मी जाणते. इथे खर्च शुल्काइतकाच वाटेचा असतो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जायचं तर डोंबिवलीची मुलगी जलद लोकलनं कुर्ल्याला उतरते, हार्बरचा पूल चढते, गोवंडीला जाते. ठाकरसी महिला विद्यापीठाच्या केंद्रात जुहूला जायचं तर दादरला बदलून सांताक्रूझ, तिथून पुढे बस किंवा रिक्षा. पुण्याला जायचं तर वसतिगृह हवं. हे सगळं पूर्णवेळ, दिवसा. ज्या मुलीला घरातून ‘डिग्री झाली, आता नोकरी बघ नाहीतर स्थळं बघू’ असं सांगितलेलं असतं, तिला ही वाट कोण मोकळी करून देणार? आणि ज्या बाईला नोकरी आहे, शाळेतून येणारं मूल आहे, सासूची औषधं आहेत, तिची तर यात गणतीच नाही. लिंगभावाचा अभ्यास करण्याच्या आड लिंगभावच येतो. वर्गाची वेळ ठरवताना कुणाचा दिवस गृहीत धरला आहे, एवढं पाहिलं तरी पुरेसं आहे.

आपल्याच भागातली एक मुलगी शिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेली होती. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, माहेरच्या यमुना. स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं, त्यानंतर त्यांनी डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. त्यांना हवं होतं तसं शिक्षण इथे मिळण्यासारखं नव्हतं म्हणून त्या १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. इतक्या दूर जाऊन त्यांनी आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र निवडलं. आपल्या माणसांत बाईच्या बाळंतपणाबद्दल काय ज्ञान होतं, ते त्यांना जगापुढे मांडायचं होतं. पुढच्याच वर्षी, २२ वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्या गेल्या. त्यांच्या नावानं आपण पुरस्कार देतो, चित्रपट काढतो. त्यांना कापावं लागलेलं अंतर कमी करणं हे त्या सगळ्यापेक्षा मोठं स्मारक होईल.

आता भाषेबद्दल, कारण मला रोज अडवते ती भाषा. मी मराठी माध्यमातून शिकले. इंग्रजी वाचता येतं, कार्यालयात लिहितेही. पण वीस पानांचा सैद्धांतिक लेख रात्री अकराला, भांडी आटोपल्यावर, इंग्रजीतून वाचायचा म्हणजे एक-एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. त्यातला विचार अवघड असतोच असं नाही. तोच विचार कुणी मराठीत सांगितला की आम्ही त्यावर तासभर भांडू शकतो, हे मी मैत्रिणींच्या गटात पाहिलं आहे. घरकाम हे श्रम आहेत की प्रेम, यावर आमच्या गटातल्या पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंनी जे मांडलं, ते मला आजवर कुठल्या पुस्तकात इतकं नेमकं सापडलेलं नाही. त्यांना एमएला बसवायचं तर मराठीच हवी.

हे काम अशक्य नाही, कारण ते पुण्यात होऊन गेलं आहे. शर्मिला रेगे यांनी पुण्याच्या केंद्रात खेड्यांतून, दलित-बहुजन घरांतून आलेल्या मुलामुलींना शिकवताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही वर्गात आणल्या, आणि विद्यार्थ्यांच्या अनुभवाला अभ्यासाचं साधन मानलं. २०१० मध्ये त्यांनी या अध्यापनावर जो लेख लिहिला त्याच्या शीर्षकात त्यांनी जोतीरावांच्या १८५५ च्या नाटकातलं ‘तृतीय रत्न’ घेतलं. २०१३ मध्ये त्या गेल्या, फार लवकर गेल्या. मराठीत साधनंही आहेत : ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून १९८९ मध्ये सिद्ध केलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आहे, त्याच वर्षी विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’चे अंक आहेत, विद्युत भागवतांची पुस्तकं आहेत, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आहे. हे शेवटचं तर जुन्या ठाणे जिल्ह्याचंच. तलासरी-उंबरगावच्या वारली बायकांना जमीनदारांच्या वेठीतून काय सोसावं लागलं ते त्यात आहे. जे मराठीत नाही त्याची चांगली भाषांतरं करून घेता येतील. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळ सरकारच्याच आहेत.

आता तो पहिला प्रश्न : याचं पुढे काय होतं? आपल्यालाही मंत्रिमंडळात कुणी तो विचारेल, म्हणून तपशिलात लिहिते.

२००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झालं. मार खाऊन, जाळून घेऊन, ‘पाय घसरून पडले’ असं सांगत दवाखान्यात येणाऱ्या बाईला तिथल्या तिथे मदत मिळावी यासाठी मुंबई महापालिकेनं आणि ‘सेहत’ या संशोधन संस्थेनं ते मिळून उभं केलं. सार्वजनिक रुग्णालयात चालणारं असं ते देशातलं पहिलं केंद्र. पुढे इतर राज्यांनी त्याचा नमुना घेतला. त्यामागे संशोधन होतं, परिचारिकांचं प्रशिक्षण होतं, नोंदी कशा ठेवायच्या याचा विचार होता. आमच्या नाक्यालगत सिव्हिल हॉस्पिटलच्या जुन्या जागी मोठं रुग्णालय बांधायला घेतलं आहे. तिथे असं केंद्र चालवायला माणसं लागतील. ती कुठे तयार होणार?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात विषयाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती हवी. वागळे इस्टेटपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत अशा किती समित्या लागतात याचा अंदाज आपण करू शकता. घरकामाला जाणाऱ्या बाईला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडेच जावं लागतं. १३१ जागांच्या ठाणे महापालिकेत निम्म्या जागा महिलांना आहेत, महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो आणि त्यातून वर्षानुवर्षं शिलाई मशीन, घरघंट्या वाटल्या जातात. मिळालेल्या यंत्रावर बाईनं काम केलं का, पैसे कुणाच्या हाती आले, की ते यंत्र माळ्यावर गेलं? शुल्कमाफी ज्या महिन्यात आली त्याच महिन्यात सरकारनं लाडकी बहीण योजना सुरू केली, महिन्याला दीड हजार रुपये. त्या दीड हजारानं घरातलं बाईचं म्हणणं वजनदार झालं का, हे मोजायला कसबी माणसं लागतात. एवढा मोठा खर्च करणाऱ्या सरकारला त्यांची गरज सगळ्यात जास्त आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहेच, त्यामुळे शिकवण्याची वाटही खुली आहे, पदं भरली तर.

पदांबद्दल मला काळजी आहे. २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरच्या स्त्री अभ्यास केंद्रांच्या पुढच्या निधीचं काय, याचं उत्तर कित्येक महिने मिळालं नाही. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत ५५ अध्यापकांना आणि ६० कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा मिळाल्या, दोन-तीन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. मागे घेतल्या हे बरंच झालं. पण ज्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्यानं विद्यार्थ्याचं दोन वर्षांचं संशोधन कसं हाती घ्यावं? कंत्राटी, तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांवर हा विभाग उघडू नका. चार पदं द्या, पण मंजूर आणि कायम द्या.

विद्यार्थी मिळतील का, अशी शंका विद्यापीठातून येईल. ठाण्याच्या न्यायालयात कौटुंबिक हिंसाचाराचे खटले चालवणाऱ्या वकील येतील. अंगणवाडी सेविका, परिचारिका, महिला पोलीस, शाळांमधल्या समुपदेशक येतील. नगरसेविका याव्यात अशी माझी फार इच्छा आहे. नवऱ्याच्या फोटोशेजारी आपला फोटो बॅनरवर का लागतो हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही, पण त्या अनुभवाचं धोरण कसं करायचं ते शिकायला त्यांना आवडेल. मुलगेही येतील. माझा भाचा डोंबिवलीत बीए करतो, तो मला विचारतो की आत्या, मुलांना घेतात का यात.

उपपरिसरात कायद्याचे आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालतात, म्हणजे वर्गखोल्या आहेत. संध्याकाळी त्यांतल्या दोन खोल्या आणि ग्रंथालय साडेनऊपर्यंत उघडं राहिलं, सुटण्याच्या वेळी स्टेशनपर्यंत टीएमटीची एक बस मिळाली, एक छोटं पाळणाघर असलं, तर सुरुवात होऊ शकते. एकदम साठ जागा मागत नाही. तीस जागांनी सुरू करा.

आपण कुलगुरूंशी बोलून अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा आणि पुढच्या जूनच्या प्रवेशांत हा अभ्यासक्रम दिसावा, अशी विनंती आहे. त्याआधी ठाण्यात एक बैठक घ्यावी. संध्याकाळी सातनंतर ठेवलीत तर आम्ही नोकरी करणाऱ्याही येऊ शकू.

आपली विश्वासू,
एक विद्यार्थिनी
टेंभी नाका, ठाणे (पश्चिम)